एक मिनिट, बघते

वैशाखातला सोमवार. ठिकाण अहमदपूर, दुय्यम निबंधकांचं कार्यालय. कागद हक्कसोडपत्राचा. मोबदल्याच्या रकान्यात 'निरंक'. हजर माणसं पाच: लिहून देणार महानंदा शेटे, लिहून घेणार त्यांचे थोरले भाऊ बसवराज शेटे, भावजय शांताबाई, दस्तलेखक आणि साक्षीदार म्हणून मी. दुसरा साक्षीदार सही करून चहाला गेला होता, म्हणून त्याला धरलेलं नाही.

मिळकत म्हणजे बाजारपेठेतलं भांड्यांचं दुकान आणि त्याच्यावरचं घर. दोन्ही वडिलांच्या नावावर. आईवडील दोघंही गेलेले, वारस दोनच. बसवराजअण्णांना दुकानावर कर्ज काढून मागं गोडाऊन बांधायचं होतं. बँक म्हणाली, आधी एका नावावर करून आणा. मग बहिणीनं हक्क सोडायचा, हे ओघानंच आलं. आमच्याकडं बहिणी सही करतात. एक साडी मिळते, जेवण होतं आणि पंचमीला बोलावणं येत राहतं. सही केली नाही तर काय होतं, तेही सगळ्यांना माहीत असतं.

शेटे मॅडमनी लग्न केलेलं नव्हतं. लातूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायच्या. अहमदपूरचं घर सोडलं तर 'आमच्या घरी' म्हणायला त्यांना दुसरी जागा नव्हती. त्या दुकानावरच्या घरात रस्त्याच्या बाजूला एक लहान खोली होती. पंचमीला, दिवाळीला आणि महाशिवरात्रीला मॅडम त्या खोलीत उतरायच्या.

त्या दिवशी निबंधकांच्या टेबलापुढं जे घडलं ते कळायला मॅडमची एक सवय माहीत असायला हवी.

लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी हिशेबनीस होतो आणि मॅडम मानसशास्त्र शिकवायच्या. लातूरला पोरं येतात ती डॉक्टर व्हायला. मानसशास्त्राच्या वर्गात फार गर्दी नसायची. मॅडमना त्याचं काही वाटायचं नाही. बारीक अंगाच्या, सुती साडी, कपाळावर विभूतीचं एक बोट, हातात स्टीलचा डबा. चालायच्या भरभर, बोलायच्या सावकाश. कुणी टोचून बोललं, अचानक कौतुक केलं किंवा काही मागितलं, की त्या एक बोट वर करायच्या आणि म्हणायच्या, "एक मिनिट, बघते."

बघायच्या म्हणजे स्वतःच्या आत. नजर टेबलाच्या कडेवर ठेवायची, ओठ मिटायचे. समोरच्यानं थांबायचं. मग त्या सांगायच्या, "राग नाही, लाज वाटली," किंवा, "हेवा आहे, दुपारपर्यंत जाईल." स्टाफरूममध्ये यावर विनोद व्हायचे. त्या बोट वर करून थांबल्या की गणिताचे पाटील सर हळूच म्हणायचे, "मॅडम आत गेल्यात, दार लोटून घ्या."

मला मात्र ही रीत पटायची. माझं काम खर्च योग्य खात्यावर टाकायचं. मॅडम तेच करून राहिल्या होत्या, फक्त त्यांची खाती वेगळी होती. एकदा मी त्यांना तसं म्हणालो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "भालेराव, लोक भीती रागाच्या खात्यावर टाकतात. मग घरात ताळेबंद लागत नाही."

त्यांचा एक नियम कडक होता. दुसऱ्याच्या मनाबद्दल बोलायचं नाही. "त्याला असं वाटलं असेल, तिच्या मनात तसं असेल, याला अक्कल लागत नाही," असं त्या वर्गात सांगायच्या. "घरी जा आणि स्वतःला बघा. आई हाक मारते तेव्हा तुमचा आवाज कसा निघतो? ताट सरकवता की ठेवता? तेवढंच आणा."

एकदा मी त्यांच्यापुढं बोलून गेलो, की घरी गेल्यावर बायको विनाकारण चिडते.

"ती चिडायच्या आधी तुम्ही काय करता?"

"काहीच नाही."

"हे काहीच नाही कसं करता, ते आठवडाभर बघा."

बघितलं. घरात शिरल्यावर माझं पहिलं वाक्य रोज एकच असायचं: "भाजी केवढ्याला आणली?" बायकोला हा शोध सांगितला तर ती म्हणाली, "सोळा वर्षं झाली. आज कळलं का? आणि हे कळायला मॅडम लागल्या होय!"

सगळ्यांनाच ते इतकं स्वस्तात पडायचं नाही. अकरावीच्या वर्गाला मॅडमनी एक काम दिलं होतं. घरात आपण कधी गप्प होतो, ते आठ दिवस बघायचं आणि वर्गात सांगायचं. एका मुलीनं सांगितलं, "पप्पांच्या गाडीचा आवाज गल्लीत आला की मी गप्प होते. काम करता करता गाणं म्हणत असले तर मधेच थांबते. मला माहीतच नव्हतं." वर्गातल्या कुणी तरी ते बाहेर नेलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील ऑफिसात हजर. गाडी त्यांनी थेट पायऱ्यांपर्यंत आणली होती.

"कोण हाय ती शेटे मॅडम? माझ्या पोरीला काय शिकवून राहिली? बापाला भरचौकात नागडं करायचं शिकवता का कॉलेजात?"

शिपाई संभाजी मधे उभा राहिला. मी टेबलावरचा पेपरवेट उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला. मॅडम आल्या आणि खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसल्या. त्या गृहस्थांनी टेबलावर हात आपटला. मॅडमनी बोट वर केलं.

"एक मिनिट, बघते." मग त्या म्हणाल्या, "मला तुमची भीती वाटली. पोटात आली, इथं. तुमच्या मुलीलाही इथंच येत असेल का, ते मला सांगता यायचं नाही. तुम्ही तिला विचारा. पण गाडीवरून उतरल्यावर विचारा."

तो माणूस बराच वेळ उभा होता. चहा आणला तो घेतला नाही. जाताना गाडी हातानं ढकलत फाटकापर्यंत नेली आणि तिथं चालू केली. मला वाटलं, जिंकलं. महिनाभरानं मॅडमनी त्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "आता पप्पा गल्लीच्या तोंडालाच हॉर्न वाजवतात. म्हणजे मला आधीच कळावं."

"मग?"

"मग मी आधीच गप्प होते, मॅडम."

मॅडम हे सांगताना हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बापानं हॉर्न वाजवला, हेही काही कमी नाही. पण माझं काम झालेलं नाही."

अशा बाईला स्वतःबद्दल सगळं दिसत असेल असं आम्ही धरून चाललो होतो. ते चूक होतं आणि ते संभाजीनं दाखवलं. एका दुपारी मॅडमचा फोन वाजला. त्या बोलत असतानाच संभाजी पाण्याचा जग ठेवायला आला आणि फोन ठेवल्यावर म्हणाला, "अण्णांचा होता जणू?"

"तुला रे कसं कळलं?"

"तुम्ही उभ्या राहिल्या की. प्राचार्यांचा फोन आला तरी तुम्ही बसून बोलता. अण्णांचा आला की उभ्या."

मॅडमनी बोट वर केलं नाही. त्या खुर्चीकडं बघत राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, "तीस वर्षं उभी राहत असेन, भालेराव. आणि मी पोरांना शिकवते."

त्यामागची गोष्ट त्यांनी तेव्हाच सांगितली. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा अण्णा दहावीत होते. त्यांनी शाळा सोडली आणि दुकानात बसले. महानंदा शिकली ती त्यामुळं. अण्णांनी ते एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. बोलायची गरजच नव्हती. घरातला प्रत्येक माणूस दरवेळी ते धरूनच चालायचा, मॅडम सगळ्यात जास्त.

म्हणून हक्कसोडीचा विषय निघाला तेव्हा त्यांनी लगेच हो म्हटलं. मग मला नांदेडला फोन केला. मी तोवर बदली घेऊन नांदेडला आलो होतो. "साक्षीला या. कागद वाचून बघा. बाकी मी बघते."

कागदात चूक नव्हती. मी दोनदा वाचला. चूक पुढं झाली, आणि ती चूक होती की नाही हे मला आजही सांगता येत नाही.

आमचा नंबर लागला. फोटो झाला, अंगठा झाला. निबंधकसाहेब तरुण होते, मागं रांग होती, पंखा आवाज करत होता. रोज पन्नासदा विचारत असतील तसं त्यांनी वर न बघताच विचारलं, "बाई, राजीखुशीनं लिहून देताय ना? कुणाचा दबाव नाही ना?"

मॅडमनी बोट वर केलं. "एक मिनिट, बघते."

साहेबांनी मान वर केली. दस्तलेखक पुटपुटला, "बाई, हो म्हणा, मागं लोकं हायत." अण्णा बहिणीकडं बघायला लागले. त्यांनी ती सवय पाहिलेली होती, घरी हसण्यावारी नेलेली होती. आता त्यांच्या मानेची शीर दिसत होती. मॅडमची नजर टेबलाच्या कडेवर होती. मी मनातल्या मनात म्हणत होतो, मॅडम, हा वर्ग नाही.

"दबाव आहे, साहेब," त्या म्हणाल्या.

"कुणाचा?"

"अण्णा माझ्याशी बोलणार नाहीत, याची भीती आहे. आत्ता बघितलं तर तेवढंच दिसतंय. द्यावंसं वाटतं का नाही, ते त्या भीतीखाली झाकलंय. मला दिसत नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग ह्याची नोंद होत नाही. घरी बोलून घ्या, मग या." आणि पुढचा नंबर पुकारला.

बाहेर लिंबाखाली अण्णांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "नंदा, घरी नाही म्हणायचं होतंस. मी काय गळा धरला असता का तुझा? एवढ्या लोकात माझी इज्जत काढलीस."

"अण्णा, मी सही करायलाच आले होते. त्यांनी विचारलं."

"ते सगळ्यांना इचारतेत! सगळे हो म्हणतेत! तुलाच तेवढं आत दिसून राहिलं?"

"दिसलं नाही, तेच तर सांगितलं."

"लई शिकलीस," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "मीच शिकवलं."

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा बाहेर पडलं. मॅडमचा चेहरा उतरला. अण्णा गाडीकडं चालायला लागले. शांताबाई मागं रेंगाळल्या. त्या देगलूरच्या, कमी बोलणाऱ्या, डोईवरचा पदर सारखा करत राहणाऱ्या. नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्या नणंदेला म्हणाल्या, "मलाबी इचारलं होतं, देगलूरात, आमच्या भावांच्या वक्ताला. मी झटकन हो म्हणाले. बघायचं असतं, हे माहीतच न्हवतं." आणि भरभर निघून गेल्या.

पंचमीला बोलावणं आलं नाही. राखी पोस्टानं गेली, पोच आली नाही. अण्णांचं कर्ज अडलं, गोडाऊनसाठी आणलेली वाळू बोळात पडून राहिली, आणि येणारा-जाणारा त्यांना कारण विचारायचा. गावात दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. म्हातारपणी बाईला पैशाची हाव सुटली, हे तर माझ्या कानावर थेट नांदेडच्या बसस्टँडवर आलं. मी मॅडमना फोनवर म्हणालो, "सही करून टाका आता. कशाला ताणता?"

"ताणत नाही. अजून तीच दिसतेय. भीती. ती असताना सही केली तर मी अण्णांना काही दिलं असं होणार नाही. घाबरून सोडलं असं होईल. त्यांनी माझ्यासाठी शाळा सोडली, त्याच्या बदल्यात हे देऊ?"

माझी बायको आतून म्हणाली, "विचारा त्यांना, दिवाळीला कुठं आहेत त्या? इकडं या म्हणावं." मॅडम आल्या नाहीत. भाऊबीजेच्या दिवशी त्यांचा फोन आला, दुपारी.

"भालेराव, आज सकाळपासून बघतेय. फोन वाजला की उठून उभी राहत होते. गॅसवाल्याचा होता, तरी राहिले. दोन वाजेपर्यंत असंच."

"मग?"

"मग भूक लागली." "ज्याची भीती होती ते घडून गेलं की हो. भाऊबीज गेली. मी बसलेय, वरणभात खाल्ला. आता खालचं दिसतंय."

"काय दिसतंय?"

"दुकान अण्णांचंच आहे. त्यांनी उभं केलं, ते त्यांना द्यायचंय मला, मनापासून. पण वरची खोली नाही. ती सोडवत नाही."

त्यांनी तेव्हाच अण्णांना फोन लावला. अण्णांनी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी लावला, तिसऱ्या दिवशी लावला. शेवटी शांताबाईंनी उचलून नवऱ्याच्या कानाला लावला, असं मला नंतर कळलं. त्यानंतरच्या रविवारी दुकानात बैठक झाली. मलाही बोलावलं होतं. मांडलेल्या पातेल्यांच्या मधल्या जागेत आम्ही चौघं बसलो. मॅडमनी सांगितलं: हक्कसोड नको, वाटणीपत्र करू. दुकान, मागची जागा, बाकीचं घर अण्णांचं. रस्त्याकडची खोली आणि बाहेरच्या जिन्याची वाट माझी.

अण्णांना ते लागलं. "खोली तर तुझीच हाय की गं. कुणी काढलं का तुला? कागदावर कशाला पायजे?"

"बोलावणं आल्याशिवाय यायचंय मला."

"म्हंजे मी बोलवत नाही?"

"यंदा नाही बोलावलंत."

अण्णा उठले. गल्ल्याजवळ गेले, एक तांब्या उचलून उगाच पुसला, परत ठेवला. आत्ता हे बाहेर जातात आणि सगळं इथंच संपतं, असं मला वाटलं. पाठमोरेच असताना ते बोलले. "पंचमीला आठ दिवस रोज फोन हातात घेतला मी. तू पुन्हा लोकांत काही बोलशील, याचं भ्या वाटलं. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी वाटायचं, ह्याला माहीत असंल." मग वळून त्यांनी माझ्याकडं हात केला. "लिहा तुम्ही. खोली लिहा. जिना बी लिहा."

मी लिहिलं. मोजमापं स्वतः टेप लावून घेतली, कारण जिन्यावरून पुढं फार भांडणं होतात.

मार्गशीर्षात आम्ही पुन्हा त्याच टेबलापुढं उभे होतो. साहेब तेच. त्यांनी मॅडमना ओळखलं असावं. कारण या वेळी त्यांनी मान वर करून, पेन बाजूला ठेवून विचारलं, "कुणाचा दबाव?"

मॅडमनी बघितलं. वेळ घेतला. रांगेतले लोक चुळबुळले. "नाही, साहेब."

वाटणीपत्रात दोघांनाही विचारतात. साहेब अण्णांकडं वळले. "तुमच्यावर?"

"हाय की," अण्णा म्हणाले. "हिचा."

दस्तलेखकानं कपाळावर हात मारला. साहेबांचा हात थांबला. मॅडम भावाकडं बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली धास्ती होती. अण्णांनी बहिणीला पुरतं एक मिनिट तसंच ठेवलं. मग म्हणाले, "लिहा साहेब, लिहा. कुणाचा काय दबाव नाही." आणि खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी अण्णांनी भरली. दस्तलेखकाचे पैसे दोघांनी निम्मे निम्मे दिले. साडी घेतलेली नव्हती आणि मॅडमनीही विचारलं नाही.

जेवण अण्णांकडं झालं. माझी नांदेडची गाडी चारची होती. निघताना मॅडमना सांगावं म्हणून मी बाहेरच्या जिन्यानं वर गेलो. मॅडमना मी शेवटचं बघितलं ते तिथं. नंतर फोन झाले, भेट झाली नाही. त्या खिडकीशी सतरंजी झटकत होत्या. माझ्या मागोमाग शांताबाई वर आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"या की, वैनी."

"न्हाई, इचारायचं होतं." त्यांनी खाली दुकानाच्या दिशेनं कानोसा घेतला. "दुपारचं, तुम्ही नसताना, मी हितं येऊन बसत जाऊ का? काम करायला न्हाई. नुस्तं. खाली कुणी ना कुणी हाक मारतंय."

"बसा की. विचारायचं काय त्यात?"

"तसं नगं." शांताबाईंनी कनवटीची गाठ सोडली. वीसची एक नोट, एक रुपयाचं नाणं. "सालाचं हे. माझं मी दिलं म्हंजे मग कुणी उठवायचं न्हाई."

मॅडमनी हातातली सतरंजी खाली ठेवली. त्या परत देतील असं मला वाटलं. त्यांनी दोन्ही हात पुढं केले, एकवीस रुपये घेतले, आणि खोलीची जोडकिल्ली भावजयीच्या हातात ठेवली.